आधी काम, मग जात : मावळच्या निमित्ताने श्वानकुळांचा विचार

प्रस्तावना

एकाच जीवजातीच्या आत आकार, बांधा, केस, चेहरेपट्टी आणि स्वभाव यांचा जेवढा विस्तृत पल्ला कुत्र्यात आढळतो, तेवढा माणसाने पाळलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात आढळत नाही. दोन-तीन किलो वजनाचा चिवावा आणि सत्तर-ऐंशी किलोंचा मास्टिफ हे दोघेही प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जीवजातीचे असून दोघांचाही पूर्वज लांडगाच आहे. ही विविधता कोठून आली, कोणत्या कामांसाठी ती घडवली गेली आणि ते काम संपल्यावर त्या कामासाठी घडलेल्या कुत्र्याचे काय होते, हे तीन प्रश्न प्रस्तुत ग्रंथाच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांची उत्तरे शोधताना युरोपातील श्वानप्रदर्शनांचा आणि वंशावळींचा इतिहास पाहावा लागतोच. परंतु तो इतिहास अवघ्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा असल्यामुळे त्याआधीची कित्येक सहस्रके कुत्रा माणसाजवळ कशासाठी राहिला, हे समजून घ्यायचे तर जेथे कुत्रा अजूनही राखणीला बसतो, वाडीवर भुंकतो आणि बिबट्याच्या तोंडी जातो, अशा मुलखाकडे वळावे लागते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेचा मावळ तालुका आणि त्यातील लोणावळ्याचा घाटमाथा हा असा मुलूख आहे.

अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांनी बनलेला हा तालुका विस्ताराने फार मोठा नाही. तरीही पश्चिमेकडे लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तळेगावच्या दिशेने तो झपाट्याने उतरत जातो आणि तेथून आणखी पूर्वेला शिरूर-बारामतीकडे गेले की पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाचे उघडे माळरान लागते. या पट्ट्यात कुत्र्याची चार निरनिराळी रूपे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. घाटमाथ्यावरील भातखाचरांच्या आणि जंगलाच्या कडेला राखणीचा गावठी कुत्रा आहे; माळरानावर मेंढपाळांचे आणि शिकाऱ्यांचे कुत्रे आहेत; १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यानंतर लोणावळा-खंडाळ्याला जी बंगल्यांची वस्ती वाढली, तिच्या फाटकाआड विलायती कुत्रे आहेत; आणि तालुक्यातीलच सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनच्या तळावर ढिगाऱ्याखालील माणूस हुंगून काढणारे प्रशिक्षित कुत्रे आहेत. अभ्यासकाला श्वानविविधतेचा आडवा छेद घ्यायचा असेल, तर याहून सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

जात आणि वाण

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञांचा अर्थ आरंभीच निश्चित केला पाहिजे. ‘श्वानजात’ किंवा ब्रीड म्हणजे ज्या कुत्र्यांच्या रूपाचा आणि गुणांचा लेखी मानदंड ठरलेला आहे, ज्यांची वंशावळ नोंदवहीत बंदिस्त आहे आणि त्या नोंदवहीबाहेरच्या रक्ताला ज्यांत सहसा प्रवेश नाही, असा समूह. ‘स्थानिक वाण’ म्हणजे एखाद्या प्रदेशातील हवामान, अन्न, रोगराई आणि लोकांची गरज यांच्या दाबाखाली पिढ्यान्‌पिढ्या घडलेला, साधारण एकसारखा दिसणारा, पण कागदावर न बांधलेला समूह. मावळ-मुळशीच्या मातीत आंबेमोहोर भात जसा प्रयोगशाळेवाचून शेतकऱ्यांच्या निवडीतून स्थिरावला, तसाच स्थानिक वाणाचा कुत्राही स्थिरावतो. माणसाचा आणि कुत्र्याचा सहवास निदान चौदा-पंधरा हजार वर्षांचा आहे; त्या मानाने पहिले श्वानप्रदर्शन इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले, लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला आणि आज साडेतीनशेहून अधिक जातींना मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ १९११ साली अस्तित्वात आला. म्हणजे जगातील बहुसंख्य कुत्री आजही स्थानिक वाणाचीच असून नोंदणीकृत जात हा त्या मोठ्या समूहाचा छोटा, अलीकडचा आणि कडेकोट बंद केलेला भाग आहे.

या नोंदणीकृत जातींतील वैविध्याच्या मुळाशी काम आहे, हे लांडग्याच्या शिकारीचा क्रम लक्षात घेतला की स्पष्ट होते. लांडगा सावज हेरतो, त्यावर नजर खिळवतो, दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो आणि शेवटी मारतो. माणसाने निरनिराळ्या कामांसाठी याच साखळीतील निरनिराळ्या कड्या बळकट किंवा दुबळ्या केल्या. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील बॉर्डर कॉली मेंढ्यांवर नजर रोखतो, दबत पुढे सरकतो आणि त्यांना वळवतो, परंतु पकडण्या-मारण्याच्या कड्या त्याच्यात दडपलेल्या असतात. पॉइंटर दबा धरण्याच्या क्षणीच थबकतो आणि शिकाऱ्याला पक्ष्याची दिशा दाखवतो. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या पाणकुत्र्यापासून इंग्लंडमध्ये घडवलेला लॅब्राडोर पडलेला पक्षी दातांची खूण न उमटवता उचलून आणतो. उंदीर-घुशींच्या बंदोबस्तासाठी ठेवलेल्या टेरियरमध्ये मात्र शेवटची, मारण्याची कडी जाणूनबुजून तीक्ष्ण ठेवलेली असते. कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्यात ही सगळीच साखळी मंदावलेली असावी लागते; कारण मेंढराला सावज मानणारा कुत्रा मेंढरात ठेवता येत नाही.

शरीराचा बांधाही असाच कामाच्या मागे गेला. डॅक्सहुंडचे आखूड पाय बिज्जूच्या बिळात शिरण्यासाठी, ग्रेहाउंडची खोल छाती धावताना लागणाऱ्या प्राणवायूसाठी, तर सायबेरियन हस्कीचे दुपदरी केस बर्फातून गाडी ओढण्यासाठी आहेत. जनुकशास्त्राने या बदलांमागची यंत्रणा अलीकडे उलगडली असून ती अपेक्षेपेक्षा सोपी निघाली. लहान चणीच्या बहुतेक जातींत वाढीशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार सापडतो, हे २००७ साली दाखवले गेले. आखूड पायांच्या जातींत एका जनुकाची जादा प्रत असते, तर केसांची लांबी, कुरळेपणा आणि मिशा-दाढीसारखी ठेवण मुख्यतः तीन जनुकांच्या जुळणीतून ठरते, हे २००९ मधील संशोधनातून पुढे आले. मोजक्या जनुकांत एवढा फरक घडवण्याचे सामर्थ्य असल्यामुळेच, कामाची गरज किंवा केवळ हौस बदलली की कुत्र्याचे रूप थोड्या पिढ्यांत पालटते.

दख्खनच्या नोंदी

दख्खनमध्ये कुत्रा माणसाच्या कामात होता, याचा एक प्राचीन पुरावा १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे मिळाला. तेथील ताम्रपाषाणयुगीन कांस्यवस्तूंमध्ये दोन बैल जुंपलेला एक रथ असून तो हाकणाऱ्या पुरुषापुढे, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा उभा दाखवलेला आहे. त्या शिल्पाचा नेमका काळ आणि हेतू याविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी वाहन, बैल, माणूस आणि कुत्रा यांना एकाच रचनेत बसवावेसे कारागिराला वाटले, ही गोष्ट बोलकी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना ‘सारमेयविनोद’ म्हणून कुत्र्यांना स्वतंत्र स्थान दिले. त्याआधी, दहाव्या शतकाच्या मध्यास, आजच्या कर्नाटकातील आतकूर येथे रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचे स्मारक म्हणून लेखासह शिळा उभारली गेली. राजदरबारी कुत्र्याचे मोल शिकारीतील पराक्रमावर ठरत होते, हे या दोन्ही दाखल्यांतून दिसते. रायगडावरील वाघ्या कुत्र्याचे स्मारक विसाव्या शतकात उभारलेले असून त्यामागील कथेच्या ऐतिहासिकतेवर इतिहासकारांनी आक्षेप घेतले आहेत. ते लोकभावनेचा दाखला म्हणून मोलाचे असले, तरी श्वानजातींच्या इतिहासाचे साधन म्हणून प्रस्तुत ग्रंथात वापरलेले नाही.

प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेली महत्त्वाची नोंद एकोणिसाव्या शतकातील आहे. मुंबई इलाख्यात सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खन पालथा घातलेल्या विल्यम हेन्री साइक्स याने १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. भारतीय लांडग्याला ‘पॅलिपेस’ आणि रानकुत्र्याला, म्हणजे मराठीतील कोळसुंद्याला, ‘दखुनेन्सिस’ ही शास्त्रीय नावे याच यादीत मिळाली. त्याहून कमी चर्चिला गेलेला भाग पाळीव कुत्र्यांचा आहे. साइक्सने इराणी ग्रेहाउंडची आठवण करून देणारा वंजाऱ्यांचा कुत्रा, कोणा एकाच्या मालकीचा नसलेला पण गावोगावी निर्वेधपणे वाढणारा गावकुत्रा, त्याच गावकुत्र्यांत मधूनच दिसणारा लांब पाठीचा व आखूड वाकड्या पायांचा प्रकार, आणि मशाली व कंदील तोंडात धरून चालायला शिकवलेला पांढऱ्या रेशमी केसांचा छोटा लाडका कुत्रा असे वेगवेगळे प्रकार नोंदवले आहेत. न्यूकॅसलच्या प्रदर्शनाच्या अठ्ठावीस वर्षे आधी, वंशावळीच्या वह्या नसताना, एका दख्खनमध्येच तांड्याचा, गावाचा आणि घराचा कुत्रा वेगळा ओळखता येत होता आणि ती ओळख मुख्यत्वे त्याच्या जागेवरून व कामावरून होत होती, हा या नोंदीचा अर्थ आहे.

धर्मजीवनातील कुत्र्याचे स्थानही याच संदर्भात पाहावे लागते. भैरवाचे वाहन कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. चंपाषष्ठीला नैवेद्यातला वाटा कुत्र्याला घालण्याची रीत आणि खंडोबाच्या भक्ताने स्वतःला वाघ्या, म्हणजे देवाचा कुत्रा, म्हणवून घेण्याची परंपरा या दोहोंमागे पशुपालकांच्या जीवनातील राखणदार उभा आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या जुन्या बंगलेवाल्यांत ज्यांची संख्या लक्षणीय होती, त्या पारशी समाजात मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडावी, असा ‘सगदीद’ विधी असून त्यासाठी डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा विशेष मानला जाई. १८३२ साली मुंबईत बेवारस कुत्री मारण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा पारशी समाजाने रस्त्यावर येऊन केलेला प्रतिकार या श्रद्धेतून आलेला होता. श्रद्धेमुळे लाभलेले हे संरक्षण जातीवर अवलंबून नव्हते. ते साध्या रस्त्यावरच्या कुत्र्यालाही मिळत होते.

गावठी कुत्रा

मावळातील वाड्या-वस्त्यांवर दिसणारा गावठी कुत्रा हा अनेक जातींच्या भेसळीतून उरलेला गाळ आहे, असा समज शहरी वाचकांत रूढ आहे. तो चुकीचा आहे. मध्यम चण, आखूड केस, पाचरीसारखे निमुळते तोंड, उभे किंवा अर्धे मोडलेले कान आणि पाठीवर वळलेले शेपूट हे त्याचे रूप भारतभर आणि भारताबाहेरही स्वतंत्रपणे पुनःपुन्हा दिसते, कारण उष्ण प्रदेशात माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगून राखण करणाऱ्या कुत्र्याला हाच बांधा परवडतो. सव्वाशे दिवसांच्या मुसळधार पावसात लांब केसांचा कुत्रा ओला राहतो, त्याच्या कातडीला बुरशी धरते आणि गोचिडांना लपायला जागा मिळते; आखूड केसांचा कुत्रा अंग झाडून कोरडा होतो. विलायती जातींच्या माद्या साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येतात, तर गावठी मादी बहुधा एकदाच, भाद्रपदाच्या सुमारास. सुमारे त्रेसष्ट दिवसांच्या गर्भकाळानंतर पिल्ले पाऊस ओसरल्यावर, सुगीच्या दिवसांत, जन्मतात. त्याच्या पचनसंस्थेतही माणसाच्या शेतीची खूण आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्या अनेक पटींनी वाढलेल्या असतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. ताकभातावर आणि भाकरीच्या तुकड्यावर पोसला जाणारा मावळी कुत्रा या बदलाचे रोजचे उदाहरण आहे.

त्याचे काम भुंकण्याचे आहे, झुंजण्याचे नाही. गोठ्याजवळ परकी चाहूल लागली की तो घरातल्या माणसाला उठवतो; भातखाचरात रानडुकरे शिरली की कल्लोळ करतो; बिबट्या आला की पुष्कळदा तोच पहिला बळी ठरतो. नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात बिबट्यांनी खाल्लेल्या एकूण मांसाच्या वजनात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के आढळला. सह्याद्रीच्या त्याच रांगेतील मावळातही कुत्र्याला रात्री पडवीत किंवा गोठ्यात आत घेण्याची पद्धत या वास्तवातून आली आहे. वर्षातून एक वेत, जन्मलेल्या पिल्लांतील थोडीच जगणारी आणि जगलेल्यांतून सर्वांत सावध असलेली पिल्ले वाडीने ठेवून घेणे, अशा गाळणीतून हा वाण टिकला. कोणी कागदावर न केलेली ही निवड कोणत्याही केनेल क्लबपेक्षा कठोर आहे.

वाघरीवरचा कुत्रा

मावळाच्या घाटमाथ्यावर म्हशी राखणारे गवळी धनगर आणि पठारावरून दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरणारे मेंढपाळ धनगर यांच्या कुत्र्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. युरोपात मेंढपाळाचा कुत्रा म्हटला की मेंढ्या हाकणारा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. दख्खनमध्ये मेंढरे हाकण्याचे काम माणसाच्या हाळीने आणि काठीने होते, कुत्र्याकडे राखण असते. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे खुंटांवर ताणलेले जाळे, लावली जाते आणि कुत्री तिच्या बाहेरच्या अंगाला वेगवेगळ्या दिशांना पडून राहतात. दिवसभर कळपाच्या मागे-पुढे चालून थकलेली ही कुत्री झोपल्यासारखी दिसली, तरी वाऱ्यावर लांडग्याचा वास आला की एक उठते, तिच्या भुंकण्याच्या ढंगावरून बाकीची त्या बाजूला वळतात आणि तोवर वाड्यावरचा माणूस जागा होतो. या कामासाठी पिल्लू लहानपणापासून मेंढरांतच वाढवले जाते; कोकराच्या अंगाशी झोपलेल्या पिल्लाला पुढे मेंढरू सावज वाटत नाही. स्वभाव घडवण्यात रक्ताइतकाच वाटा या सुरुवातीच्या सहवासाचा असतो, हे आज पशुवर्तनशास्त्र जे सांगते, ते मेंढपाळाने व्यवहारात कधीच पत्करलेले आहे.

कारवानी, पश्मी आणि मुधोळ

दख्खनने जगाच्या श्वानकोशात घातलेली ठळक भर म्हणजे कारवानी. साइक्सने पाहिलेला वंजाऱ्यांचा कुत्रा याच कुळातील मानला जातो. लांब निमुळती कवटी, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि उंच सडपातळ पाय ही त्याची लक्षणे असून तो ‘दृष्टिशिकारी’ म्हणजे साइटहाउंड गटात मोडतो. गंधशिकारी कुत्रा जमिनीवरचा माग नाकाने काढत चिकाटीने चालत राहतो. दृष्टिशिकारी कुत्रा दूरचे सावज डोळ्यांनी टिपतो आणि अल्पकाळ प्रचंड वेगाने धावतो, त्या धावेत प्रत्येक टप्प्यात त्याचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटलेले असतात. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडच्या आणि मराठवाड्याच्या उघड्या रानात सशाचा पाठलाग याच पद्धतीने होई. मावळच्या झाडीत आणि दरडींत तसा पाठलाग शक्य नसल्यामुळे कारवानी घाटमाथ्याचा कुत्रा कधीच झाला नाही, आणि भूगोल जातीची सीमा कशी आखतो याचे हे स्वच्छ उदाहरण आहे. कान, शेपूट आणि पायांवर रेशमी झालर असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात.

मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी हा कुत्रा निवडून वाढवला आणि त्याची जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली, अशी परंपरा असून त्यातून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी श्वानजातींवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळला स्थान मिळाले, पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची अधिकृत जात म्हणून नोंद केली आणि लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात त्याच्या प्रशिक्षणाचा प्रयोगही झाला. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाल्यावर त्याचे मूळ काम गेले. ती पोकळी ग्रामीण शर्यतींनी भरून काढली खरी, पण शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी होणाऱ्या संकरामुळे उन्हात दिवसभर चालण्याची आणि ज्वारीच्या भाकरीवर निभावण्याची त्याची मूळ ताकद विरळ होत आहे. काम बदलले की रक्त बदलते, हा नियम येथे एका माणसाच्या हयातीत घडताना दिसतो.

बंगल्यातले आणि ढिगाऱ्यावरचे

लोणावळ्याच्या बंगल्यांत दिसणाऱ्या विलायती जातींची मूळ कामे आठवली, तर त्यांच्या आजच्या स्थितीतील विसंगती लक्षात येते. जर्मन शेफर्ड ही जात १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ याने मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून बांधली. रॉटवायलर खाटकांची गुरे हाकत असे. डॉबरमन एका जर्मन करवसुली अधिकाऱ्याने स्वतःच्या संरक्षणासाठी घडवला. सेंट बर्नार्ड आल्प्सच्या बर्फाळ खिंडीतील मठात वाटाड्या होता. शनिवार-रविवारी मालक येणाऱ्या आणि इतर दिवशी माळ्याच्या भरवशावर असणाऱ्या बंगल्यात यांपैकी एकालाही काम नाही. हस्की आणि सेंट बर्नार्ड यांचे दाट केस श्रावणातल्या दमट हवेत आजाराला निमंत्रण देतात. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे २००३ नंतर घरोघरी पोहोचलेल्या पगला चपट्या नाकामुळे मुळातच श्वास पुरत नाही. दिसण्यासाठी निवडलेल्या जातीचे शरीर दिसण्याची किंमत मोजते, आणि हौस सरल्यावर असा कुत्रा रस्त्यावर सोडला गेला, तर गावठी कुत्र्यासारखा तो तग धरू शकत नाही.

याच विलायती रक्ताला योग्य काम मिळाले की चित्र पालटते. पुण्यातील शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला झंजीर हा लॅब्राडोर डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला आणि मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेनंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर व २४९ हातबॉम्ब शोधल्याची नोंद आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो मेला, तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. पाण्यात पडलेला पक्षी नाकाने शोधून न चावता आणणाऱ्या कुळाचे हे गुण स्फोटके शोधताना जसेच्या तसे कामी येतात: नाक तीक्ष्ण, खाण्याच्या आमिषाने शिकण्याची वृत्ती आणि वस्तूला न झोंबण्याचा संयम.

सुदुंबऱ्याच्या तळाचे महत्त्व सह्याद्रीच्या दरडींमुळे आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री लोणावळ्याच्या घाटाखालील खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या दुर्घटनांत याच दलाची पथके चिखलात उतरली. शोधकार्यात कुत्रा ढिगाऱ्यावर वाऱ्याला आडवा, नागमोडी फिरतो. मानवी गंध फटींतून वर येऊन वाऱ्याबरोबर पसरत गेलेला असतो, त्या पसाऱ्याच्या कडा ओलांडत तो फेरा लहान करत आणतो आणि गंध सर्वांत दाट असलेल्या जागी थांबून भुंकतो. मग दुसरा कुत्रा सोडून त्या खुणेची खात्री केली जाते आणि त्यानंतरच खणायला सुरुवात होते. इमारतीच्या ढिगाऱ्यात पोकळ्या असतात, दरडीच्या मातीत त्या चिखलाने भरून गेलेल्या असतात, पाण्याबरोबर गंध उताराला दुसरीकडेच बाहेर पडतो. म्हणून पावसाळी सह्याद्रीतील शोध विशेष अवघड ठरतो. फेब्रुवारी २०२३ मधील भूकंपानंतर तुर्कस्तानात गेलेल्या भारतीय पथकातील ज्यूली आणि रोमिओ या कुत्र्यांनी सहा वर्षांच्या मुलीचा ठावठिकाणा लावला, तो याच पद्धतीने.

अशा कामासाठी कुत्रा निवडताना जातीचे नाव पुरेसे नसते. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेले आणि २०२२ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते की, कुत्र्याकुत्र्यांतील वर्तनभेदांपैकी सरासरी ९ टक्केच भेद जातीवरून सांगता येतात. बांधा, केस आणि वेग या बाबी जात ठरवते. धीटपणा, चिकाटी आणि माणसाशी जमणे या बाबतींत प्रत्येक पिल्लू स्वतंत्रपणे तपासावे लागते. प्रशिक्षण केंद्रातील शिक्षक आणि वाड्यावरचा मेंढपाळ या दोघांची निवडीची रीत त्यामुळे आश्चर्यकारक रीतीने सारखी आहे: दोघेही वंशावळ पाहण्यापेक्षा पिल्लाला कामाला लावून पाहतात.

आजचे प्रश्न

कामावाचून उरलेल्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री मोजली गेली. पर्यटनस्थळी हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण सुटीच्या दिवसांत अन्नाचा आणि कचऱ्याचा पूर येतो, त्यावर कुत्र्यांची संख्या वाढते आणि गर्दी ओसरल्यावर तीच कुत्री भुकेपोटी वस्तीत आणि रानात शिरतात. प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम २००१ साली आले आणि २०२३ साली नव्याने लागू झाले. निर्बीजीकरण व रेबीजविरोधी लसीकरण हा त्यांचा गाभा आहे. जंगलाच्या कडेची मोकाट कुत्री वन्यप्राण्यांत रोग पसरवतात, हरणे फाडतात आणि लांडग्यांशी संकरही करतात. पुण्याजवळच्या माळरानावरील लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. साइक्सने ज्या दख्खनी लांडग्याला शास्त्रीय नाव दिले, त्याच लांडग्याचे रक्त आता माणसाने कामावरून काढलेल्या कुत्र्यामुळे पातळ होत आहे. दुसरीकडे, व्यापारी पैदाशीसाठी कुत्र्यांच्या आयातीवर २०१६ साली बंदी आली आणि पैदास व विक्रीसाठी २०१७ साली नियम झाले. या दोन्हींचा उपयोग तेव्हाच होईल, जेव्हा विकत घेणारा रूपाआधी हवामानाचा, जागेचा आणि कामाचा विचार करील.

प्रस्तुत ग्रंथातील प्रकरणांची मांडणी याच कारणाने जातींच्या वर्णानुक्रमाने केलेली नाही. ती राखण, कळप, शिकार, शोध आणि सोबत या कामांच्या क्रमाने केली आहे. प्रत्येक कुळाविषयी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: ते कोणत्या कामासाठी घडले, त्या कामाने त्याच्या शरीरात व स्वभावात काय ठेवले, आणि आज महाराष्ट्राच्या हवामानात त्याला कोणते काम देता येईल. सोबत हेही एक कामच मानले आहे. मात्र ते करण्यासाठी लागणारा समंजसपणा चपट्या नाकातून किंवा लांब केसांतून येत नाही, हेही दाखवले आहे. देशी कुळांचे जतन म्हणजे त्यांची रूपवैशिष्ट्ये गोठवून ठेवणे, असा अर्थ घेतला तर कारवानी प्रदर्शनात राहील आणि रानातून नाहीसा होईल; वाड्यांवरच्या आणि वाघरीवरच्या कुत्र्यांची कामानिशी नोंद ठेवणे, त्यांतील उत्तम राखणदारांची वेते जपणे, बाकीच्यांचे निर्बीजीकरण करणे आणि सर्वांचे लसीकरण करणे, हा अधिक कष्टाचा पण टिकाऊ मार्ग आहे. पशुवैद्यक, पशुपालक, नगरपालिकांचे अधिकारी आणि घरी कुत्रा आणण्याच्या विचारात असलेले सामान्य वाचक यांना आपापला निर्णय या निकषावर तपासता आला, तर ग्रंथाचा हेतू साध्य होईल.